मदत हवी आहे: दोन उभे पुरुष, ढाली-भाले आणि वर पळी असलेलं रोमन नाणं

चांदीचं नाणं, ३.७५ ग्रॅम, व्यास १८ मिमी. दर्शनी बाजूला उजवीकडे पाहणारं, पानांचा मुकुट घातलेलं डोकं. मागे झगे घातलेले दोन पुरुष, मध्ये ढाली-भाले, वर पळी आणि टोकाला वळलेली काठी. अक्षरं झिजलेली. हे देव आहेत का? अस्सल रोमन की भारतात पाडलेली नक्कल? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
देव नव्हेत. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या मुलीचे मुलगे, त्याने दत्तक घेतलेले गायस आणि लुसियस. लुग्दुनमच्या (आजचं फ्रान्समधलं ल्यों) टांकसाळीतला देनारियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं. दर्शनी बाजूवर ‘पातेर पात्रिए’, म्हणजे राष्ट्रपिता, असं असतं. हा किताब ऑगस्टसला इ. स. पू. २ मध्ये मिळाला, म्हणजे नाणं त्याआधीचं नाही.

खरी गंमत वरच्या दोन वस्तूंत आहे. पळी, म्हणजे सिंपुलम, देवाला मद्य अर्पण करायची. ती पोंतिफेक्स, म्हणजे रोमच्या पुरोहितमंडळाचा सदस्य असलेल्या गायसची खूण. वळलेली काठी, लितुउस, पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची. ती ऑगुर लुसियसची. ढाली-भाले रोमच्या अश्वारोही वर्गाने दोघांना ‘तरुणांचे अग्रणी’ म्हणून दिलेले, चांदीचे. रोम कागदोपत्री प्रजासत्ताकच होतं, ‘हे माझे वारस’ असं उघड म्हणायची सोय नव्हती. म्हणून पौरोहित्य आणि शस्त्रं शेजारी मांडून तेच सांगितलं. माझ्या मते त्या काळातलं हे सर्वांत धीट नाणं.

प्रतिसाद २
आधी आत तांबं नाही ना, ते बघा. चांदीचा पत्रा चढवलेली नाणी रोमन काळातही होती. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-काठाला टेकू देऊ नका. आकडा ०.३६च्या आसपास आला तर चांदी, ०.४१कडे गेला तर तांब्याचा गाभा. नाण्याला चिकटलेला बुडबुडा आकडा फुगवतो, तो काडीने झटका.

धागाकर्ता
०.३६ आलं. मग नक्कल नाही ना?

प्रतिसाद २
त्यावरून ठरत नाही, भारतीय नकलाही चांदीच्या असतात. दहापट भिंगाखाली पायांखालची ओळ वाचा: ‘सी एल सीझरेस’, म्हणजे गायस (सी) आणि लुसियस (एल) सीझर. रोमन नाण्यावर अर्धी उरलेली अक्षरंही अक्षरंच दिसतात, आणि यूच्या जागी व्ही असतो. नकलेत उभ्या रेघा आणि गोल यांची अर्थहीन रांग होते, झग्याच्या चुण्या सरळ रेघा होतात. कडेला सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतील तर ते साच्यात ओतलेलं, बहुधा अलीकडचं.

चिंच, लिंबू, पावडर काहीही लावू नका. घासलंत तर ती खालची ओळच आधी जाईल. दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात काढून इथे टाका.