मदत हवी आहे: देवकापसात शेजारच्या कपाशीचा संकर झालाय का? तातडीचं आहे

गच्चीवाली (मुलुंड): सोसायटीच्या गच्चीवर देवकापसाचं जुनं झाड आहे. त्याच्या सरकीची रोपं केली, पण काहींची पानं मूळ झाडासारखी नाहीत. शेजारच्या कुंडीत कपाशी होती. संकर झाला असेल का? रविवारी देवळात रोपं वाटायची आहेत. हो की नाही एवढंच सांगा.

पराग_दादर: एवढ्यावर हो-नाही सांगता येणार नाही. देवकापूस म्हणून दोन अगदी वेगळी झाडं लावली जातात. फुलाचा रंग? बोंड लोंबतं का? सरकीवर लव आहे का? आणि शेजारची कपाशी कुठली?

निंबोळी: पानं बिघडली असतील तर मावा किंवा पिठ्या ढेकूण बघा. ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

गच्चीवाली: कीड नाहीये हो! पानं निरोगी आहेत, फक्त रुंद आणि कमी चिरलेली. फूल पिवळं. शेजारची कपाशी साधीच, गावाहून आणलेल्या पाकिटातली.

पराग_दादर: पाकिटातली म्हणजे बहुधा बीटी (बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेली) संकरित, म्हणजेच अमेरिकन कपाशी, हिर्सुटम. हे आधी सांगायला हवं होतं. आता सरकीचं सांगा. आणि रोपांना पानं किती आली?

माटुंगाकर: इतका काथ्याकूट कशाला? कापसाची केंद्रीय संस्था माटुंग्यातच आहे, १९२४ पासून. पान घेऊन जा.

पराग_दादर: त्या संस्थेचं काम तंतू आणि जिनिंगचं, म्हणजे सरकीपासून कापूस वेगळा करण्याचं. जात ओळखायची तर सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. तिथेही फूल आणि बोंड असलेली फांदी दाबून, वाळवून न्या. नुसत्या पानावरून खात्रीने सांगता येत नाही.

वऱ्हाडी_बोंड: ताई, सगळं गुणसूत्रांवर अडतं. देशी कपाशी (आर्बोरियम) २६ गुणसूत्रांची, अमेरिकन ५२ ची. तुमचं झाड आर्बोरियम असेल तर काळजी सोडा. हा संकर लागला तरी बोंड थोड्याच दिवसांत गळतं. चुकून टिकलंच तर रोप ३९ गुणसूत्रांचं आणि वांझ. पण झाड बार्बाडेन्स (देवकापूस म्हणून लावतात ती दुसरी जात) असेल तर तेही ५२ चं. हिर्सुटमशी त्याचा संकर सहज होतो आणि त्याला बीही धरतं. वरलक्ष्मी हा १९७२ चा वाण याच दोन जातींचा.

ओळख अशी. फुलाखालची तीन हिरवी पानं कळीला घट्ट बिलगलेली, दाते टोकाशी तीन-चारच, बोंड खाली लोंबणारं: आर्बोरियम. तीच पानं मोठी, दहा-पंधरा लांब दात्यांची, फूल गर्द पिवळं आणि पाकळीच्या तळाशी जांभळट डाग, सरकी काळी आणि जवळजवळ बिनलवीची: बार्बाडेन्स.

समुद्रकिनारा: २६ आणि ५२ जुळत नाही म्हणता, पण अमेरिकन कपाशी स्वतःच नैसर्गिक संकरातून झाली ना? शिवाय मुंबईत किनाऱ्याला भेंडीचे वृक्ष आहेत, तेही कापसाचे रानटी नातलग. त्यांचा पराग आला नसेल?

वऱ्हाडी_बोंड: तो संकर दोन २६ वाल्यांचा. आफ्रिका-आशियाकडची एक जात आणि अमेरिकेतली एक, नंतर गुणसूत्रं दुप्पट झाली. दहा-वीस लाख वर्षांपूर्वीची घटना, तिचा या कुंडीशी संबंध नाही. भेंडीचा वृक्ष थेस्पेसिया, प्रजातीच (जीनस) वेगळी. त्याचा संकर कापसात होत नाही. भारतातला खरा रानटी कापूस, स्टॉक्सी, कच्छ-सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे. तोही २६ चा आणि नात्याने लांबचा. रानटी कापूस बिघडण्याची भीती मेक्सिकोत जास्त, कारण तिथे हिर्सुटमच रानटी वाढतो. २०११ मध्ये तिथल्या रानटी झाडांत बीटीची जनुकं सापडल्याचं प्रसिद्ध झालंय.

गच्चीवाली: सरकी काळी, गुळगुळीत, आणि सात-आठ बिया एकमेकींना चिकटून मूत्रपिंडाच्या आकाराचा गठ्ठा. पाकळीवर डाग आहे. रोपांना पाच-सहा पानं. पेरलेली सरकीही काळीच होती, म्हणजे संकर नाही ना?

वऱ्हाडी_बोंड: चिकटलेल्या बिया म्हणजे बार्बाडेन्सच. संकर शक्य आहे. पेरलेल्या सरकीच्या रंगावर जाऊ नका. टरफल आणि त्यावरचा कापूस दोन्ही आईच्याच पेशींचे. पराग कुणाचाही असो, ते आईसारखेच निघणार. म्हणून झाडाचा कापूस वातींना बेधडक वापरा, फरक दिसेल तो पुढच्या पिढीत. पानांवरूनही इतक्यात ठरवू नका. कपाशीची पहिली तीन-चार खरी पानं कमीच चिरलेली असतात, आठ-दहा पानं झाल्यावर बघा.

प्रयोगशाळा_७: बीटीचं प्रथिन ओळखणारी चाचणीची पट्टी आणा. पानाचा तुकडा बफरमध्ये (चाचणीच्या द्रावणात) चिरडायचा, पट्टी बुडवायची, दहा-पंधरा मिनिटांत रेघ. विषय संपला.

पराग_दादर: संपत नाही. आपल्याकडच्या संकरित बियाण्यात बीटीचं जनुक एकेरी (जोडीतल्या एकाच गुणसूत्रावर) असतं, म्हणून निम्म्या परागकणांतच उतरतं. शिवाय पाकिटात रेफ्युजचं (अळ्या बीटीला सरावू नयेत म्हणून लावायचं) बिगर-बीटी बीही मिसळलेलं असतं. रेघ आली तर संकर नक्की. नाही आली तर काहीच सिद्ध होत नाही.

गच्चीवाली: मग रविवारचं काय करू?

वऱ्हाडी_बोंड: ही रोपं देवकापूस म्हणून वाटू नका. एकदा दहा अंगणांत गेली की मागे घेता येत नाहीत. संकराच्या पुढच्या पिढीत काही झाडं वांझ, काहींचा धागा आखूड, कशाचा भरवसा नाही. जुन्या झाडाच्या अर्धपक्व फांद्यांचे छाट लावा, ते हुबेहूब आईसारखे.

बीच हवं असेल तर कळी बांधा. कापसाचा पराग जड, चिकट, वाऱ्याने जात नाही, मधमाश्या आणि भुंगे नेतात. त्यांना रोखलं की झालं. उद्या उमलणारी कळी संध्याकाळीच ओळखू येते: पाकळ्यांची गुंडाळी मेणबत्तीसारखी वर आलेली असते. तिच्या अगदी टोकाला सुती दोऱ्याचे दोन वेढे. मध्यावर आवळू नका, बार्बाडेन्सची कुक्षी (पराग झेलणारं टोक) पुंकेसरांच्या बरीच वर असते, ती चेंगरते आणि बोंड गळतं. देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर वेचताना कुठलं बोंड बांधलेलं ते कळत नाही.

गच्चीवाली: दोरा बांधलाय, उद्याच्या चार कळ्या आहेत. शेजारची कपाशी उपटू का?

वऱ्हाडी_बोंड: गच्चीवर ठेवू नका. प्रमाणित बियाण्यासाठीसुद्धा कपाशीत दुसऱ्या वाणापासून ३० मीटर अंतर लागतं.

निंबोळी: उपटण्याआधी तिच्यावर गुलाबी बोंडअळी आहे का ते बघा.