देवळं, ज्वालामुखी आणि हिशेबाची वही : तुमचे अनुभव

माळ्यावरची
दिवाळीच्या तोंडावर माळा काढला. मोठ्या बॅगेत विणलेल्या चपलांचे चार जोड निघाले. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या बोरोबुदुरवर चढताना देतात ते. आपले बूट खाली काढायचे, दगड झिजू नयेत म्हणून ह्या घालून वर जायचं, नंतर घरी न्यायच्या. नाव काय, तर उपानत! दहावीच्या संस्कृतनंतर हा शब्द मी थेट जावात ऐकला, तोही तिकीट तपासणाऱ्या मुलीच्या तोंडून.

चपलांखाली शंभर पानी वही. नवऱ्याचं अक्षर. मे २०२४, आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. ग्रुप टूर नको होती, कारण सासूबाईंचे गुडघे आणि लेकीच्या खाण्याच्या तऱ्हा. म्हणून सगळं खासगी. आधी योग्यकर्ता, तिथून रेल्वेने सुराबाया, पुढे गाडी-ड्रायव्हर घेऊन ब्रोमो आणि इजेन हे ज्वालामुखी, मग बोटीने बाली.

पहिल्याच पानावर : गाडी, ड्रायव्हर, हॉटेलं, जीप, सुराबाया ते बाली – १,३०,००,००० रुपिया, म्हणजे तिथलं चलन. एक कोटी तीस लाख! तेव्हाच्या भावाने साधारण ६८ हजार रुपये, चौघांचे मिळून. पण नवऱ्याने हे रात्री साडेअकराला मोठ्याने वाचलं आणि सासूबाई आतल्या खोलीतून पदर सावरत बाहेर आल्या, "कुणी मागितले एवढे?"

गंमत म्हणजे हा मोठा आकडा शेवटपर्यंत जागचा हलला नाही. मार खाल्ला तो बारक्या रकमांनी. व्हिसाचे माणशी ५ लाख रुपिया धरले होते. बोरोबुदुरवर चढायचं तिकीट माणशी ४ लाख ५५ हजार, चौघांचे साडेनऊ हजार रुपये झाले; ते मी "देवळाला कसलं आलंय तिकीट" म्हणून शून्य धरलं होतं. ब्रोमोला नेमका रविवार आला. परदेशी माणसाला एरवी २ लाख २० हजार होते, सुट्टीच्या दिवशी ३ लाख २० हजार. एक दिवस पुढे ढकलला असता तर चार लाख वाचले असते. (दोन हजार रुपये फक्त. पण चार लाख म्हटलं की अजून धस्स होतं.) शिवाय बालीचा पर्यटक कर माणशी दीड लाख. तो त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झालेला, आमचा पहिला हिशेब जानेवारीतला.

आणि एक नोंद लागत नाहीये. "इजेन. आई – ३,००,०००." पुढे काही नाही. नवरा म्हणतो आठवत नाही.

तुमचे असे हिशेब कुठे बसले, कुठे फसले? लिहा. मी शिडीवरून चढ-उतर करत वाचते.

पेठेतला
बोरोबुदुर देऊळ नाही. बौद्ध स्तूप आहे, नवव्या शतकातला. ५०४ बुद्धमूर्ती, वर ७२ जाळीदार स्तूप. देऊळ म्हणजे प्रंबानन, तिथलं शंकराचं ४७ मीटर उंच आहे.

माळ्यावरची
वाटच बघत होते कोण म्हणतंय.

रिकामं_पाकीट
घड्याळाचे पैसे कोणी धरतं का? आम्ही नाही धरले. जावा आपल्यापुढे दीड तास, बाली अडीच तास. केतापांगला बोटीत चढलो, पलीकडे गिलीमानुकला उतरलो तर एक तास गायब. ड्रायव्हर दिवसाला दहा तासांवर ठरलेला. गड्याचे दहा तास जावाच्या घड्याळाने सुरू झाले आणि बालीच्या घड्याळाने संपले! वर एका तासाचा ओव्हरटाइम. मी मोबाइल दाखवतोय, तो मनगट दाखवतोय. शेवटी बायको म्हणाली, "दे रे, स्वारगेटला घालतोस तेवढी हुज्जत इथे नको."

दिली. दीड लाख.

खलबत्ता
आम्ही पूर्ण शाकाहारी. तिथे भाजी-भाताला ददात नाही, टेंपे (आंबवलेलं सोयाबीन) मिळतं, गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) मिळतं, पण सांबलमध्ये, म्हणजे त्यांच्या मिरचीच्या चटणीत, तेरासी असते, कोळंबीची वाटलेली पेस्ट. तीन दिवस चाटून पुसून खाल्लं आणि चौथ्या दिवशी ड्रायव्हरने सांगितलं. सासरे त्या दिवसापासून मेतकूट-भातावर. खाण्याला रोजचे ठरवले होते त्याच्या निम्मेसुद्धा लागले नाहीत, सगळे वाचले, आणि ते वाचलेले सगळे नणंदेने उबुदच्या बाजारात एका लाकडी गरुडावर घातले. तो आता शोकेसवर मावत नाही म्हणून फ्रीजवर आहे

शेवटची_बस
नोव्हेंबर २०१७. एवढं लिहिलं तरी माहितगारांना कळेल.

बालीतल्या आगुंग ज्वालामुखीने राख सोडली आणि देनपासारचा विमानतळ बंद. आम्ही सात जण, त्यात दोन आज्या. विमा होता हो! ऐटीत फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणते, सप्टेंबरातच धोक्याचा इशारा सगळ्यात वरच्या पातळीला गेला होता, तुमची पॉलिसी ऑक्टोबरची, म्हणजे ही आधी माहीत असलेली घटना. जादा दिवसांचं हॉटेल, मिनीबस, बोट, सुराबायाहून नवीन तिकिटं, सगळं खिशातून. मिनीबसवाल्याने त्या दिवशी सांगितलेला भाव मी अजून सासरी कोणाला सांगितलेला नाही.

तेव्हापासून कुठेही निघालं की एकूण खर्चाच्या दहा टक्के बाजूला काढते. घरात त्याला ज्वालामुखी फंड म्हणतात. गेल्या वर्षी ज्वालामुखी आला नाही, मिक्सर आला.

दुपारची_झोप
माळा काढायला माणूस मिळतो का कोणी कोथरूडमध्ये? आमचा गावाला गेलाय.

सीए_नाहीये_मी
इथल्या एजंटकडून पॅकेज घेणाऱ्यांसाठी. तो जो टीसीएस (परदेशी पॅकेजवर आगाऊ घेतला जाणारा कर) कापतात तो खर्च नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण तोवर पैसा अडकतो, त्यामुळे निघायच्या महिन्यात हात आखडतो. आमच्या एजंटने कोटेशनमध्ये तो लिहिलाच नव्हता, पैसे भरायच्या दिवशी तोंडी सांगितला. दुसरं, खासगी दौऱ्याच्या कागदावर "यात समाविष्ट नाही" ही यादी बारीक अक्षरात मागच्या पानावर असते. आमच्या त्या यादीत ड्रायव्हरची रात्रीची राहण्याची सोय, पार्किंग आणि सगळी प्रवेश तिकिटं होती. मग समाविष्ट काय होतं, तर पाण्याची बाटली.

चष्मा_कुठे
सीए नाही म्हणे 😄

आमच्या योग्यकर्ताच्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी विचारलं, "सुआमी?" मी म्हटलं, कोणते स्वामी? तो ह्यांच्याकडे बोट दाखवतोय. सुआमी म्हणजे नवरा आणि इस्त्री म्हणजे बायको. ह्यांनी दहा दिवस मला इस्त्री म्हणून हाक मारली. घरी आल्यावर इस्त्रीवाल्याने बेल वाजवली तर लेक आतून ओरडली, "आई, तुला बोलावतायत."

किंमत म्हणजे हार्गा. "हार्गा?" एवढं विचारायला शिका, पुढचं कॅल्क्युलेटरवर होतं.

पेठेतला
हार्गा हा आपला संस्कृत अर्घ. आणि १९९८ च्या त्यांच्या २०,००० च्या नोटेवर गणपती होता. आता चलनात नाही.

गुढी_आणि_गोंधळ
पाडव्याला जोडून सुट्टी मिळाली म्हणून २२ मार्च २०२३ ला बालीत. स्वस्त तिकिटं मिळाली याचा केवढा आनंद! स्वस्त का, ते तिथे कळलं. त्यांचंही शकाचंच नवं वर्ष, शके १९४५, आणि त्या दिवशी न्येपी, म्हणजे त्यांचा मौनाचा दिवस. विमानतळ चोवीस तास बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दिवे लावायचे नाहीत. गाडी आम्ही दिवसाच्या भाड्याने आगाऊ घेतलेली, ती हॉटेलच्या दारात उभी. आम्ही पडदा ओढून टॉवेल, चमचा आणि स्टीलचा पेला ह्यांची गुढी केली. बाल्कनीत नाही, बाथरूममध्ये.

वाया गेलेला दिवस म्हणून वहीत लिहिला होता. पण त्या रात्री जे आकाश दिसलं ना. राहू दे, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

खलबत्ता
बाथरूममध्ये गुढी 😂😂 नैवेद्य कसला?

गुढी_आणि_गोंधळ
बाकरवडी.

गुडघे_मोडीत
इजेन कोणी काढलं? मला सिंहगडाचा माज होता. दर रविवारी पाऊण तासात वर, पिठलं-भाकरी, खाली. तिथे रात्री साडेबाराला उठवलं. तब्येतीचा दाखला आदल्या दिवशीच काढलेला. पालतुडिंगपासून काठापर्यंत तीन किलोमीटर, पण अर्ध्यातच आपला सिंहगड उतरला. अंधार, डोक्याला टॉर्च, पायाखाली भुसभुशीत. निळ्या ज्वाळा म्हणजे भेगांतून निघणारा गंधकाचा वायू हवेत पेटतो तो; उजाडलं की दिसत नाही, म्हणून ही सगळी मध्यरात्रीची यातायात. वारा फिरला की मास्कमधूनही घशात काडेपेटी ओढल्यासारखं होतं. आणि खालून विवरातून माणसं येतात, खांद्यावर कावड, दोन टोपल्यांत पिवळेधमक गंधकाचे तुकडे, ७०-८० किलो. एकाने कावड खाली ठेवली आणि खांदा चोळला. तिथे गाठ आलेली, लिंबाएवढी. मी पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत होतो. तिथे गंधकाचं छोटं कासव विकत होते, घासाघीस न करता घेतलं. ते बजेटमध्ये नव्हतं.

हां, खर्चाचं. वर जाणं झेपणार नसेल तर हातगाड्या असतात, पुढे-मागे माणसं लावून ओढतात. टॅक्सीच म्हणतात त्यांना. चढायला बरेच मागतात, नुसतं उतरायचं असेल तर अडीच-तीन लाख. मी बसलो नाही, पण उतरताना एक आजी डोक्याला स्कार्फ बांधून राणीसारख्या शेजारून गेल्या तेव्हा मत बदललं होतं.

माळ्यावरची
थांबा थांबा. नुसतं उतरायला तीन लाख?

सासूबाईंना वर त्या वासाने खोकला सुटला होता, म्हणून गाइडला सोबत देऊन आधी खाली पाठवलं. आम्ही तासाभराने उतरलो तर त्या टपरीवर चहा पीत बसलेल्या. आमचे बूट गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले, त्यांचे कोरे करकरीत. तेव्हा वाटलं, जपून चालल्या असतील.

गेलं दीड वर्ष भिशीत सांगतायत, "चढले ते चढले, उतरलेसुद्धा सगळ्यांच्या आधी. सून मागे राहिली."

चष्मा_कुठे
अगं बाई!!

शेवटची_बस
स्कार्फ होता का?

माळ्यावरची
होता. मरून रंगाचा. माझाच.

नवऱ्याला ऑफिसात फोन केला. म्हणतो काही आठवत नाही, आणि हसतोय.

रिकामं_पाकीट
विचारू नका हो त्यांना. ३ लाखांत दीड वर्षाची भिशी म्हणजे स्वस्तच पडली.

दुपारची_झोप
चपलांचे चार जोड आहेत ना, एक द्यायचा आहे का?

माळ्यावरची
तीनच उरले. सासूबाई आत्ता एक घालून गच्चीत फेऱ्या मारतायत, गुडघ्याला बऱ्या आहेत म्हणे. वही मी तूरडाळीच्या डब्यामागे ठेवलीये.