मदत हवी आहे : फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, लंडन – प्रीपेड सिम कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबांना घेऊन युरोपला निघालोय. वरचे चार मुक्काम ठरले आहेत, सिमचं काही ठरत नाहीये.

आधी वाटलं, पॅरिसला उतरल्यावर स्थानिक प्रीपेड सिम घेतलं की झालं. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा रोमिंग शुल्काशिवाय चालतं. डेटावर फेअर यूजची (ठरावीक वापरापर्यंतच जादा शुल्क नाही, अशी) मर्यादा असू शकते, पण ऑस्ट्रियाचा प्रश्न तरी सुटतो. अडचण स्वित्झर्लंडची आहे. नॉर्वे आणि आइसलँड संघात नसूनही या नियमात बसतात, स्वित्झर्लंड बसत नाही. ब्रिटन तर बाहेरच पडलाय. त्यामुळे नुसतं 'युरोप' लिहिलेलं पाहून पॅक घ्यायचा नाही, देशांची यादी उघडून बघायची, हे पक्कं केलंय.

दुसरा पर्याय एअरालो, होलाफ्ली अशा कंपन्यांच्या ईसिमचा, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणाऱ्या सिमचा. घरूनच क्यूआर कोड स्कॅन करून ठेवता येतो, आणि चारही देश एकाच पॅकमध्ये मिळतात. पण यातले बरेच पॅक फक्त डेटाचे असतात, नंबर मिळत नाही. माझं व्हॉट्सअ‍ॅपवर भागेल. आई-बाबांचं काय? गर्दीच्या स्टेशनवर चुकामूक झाली तर त्यांना सरळ नंबर फिरवून माझ्याशी बोलता यायला हवं. माझ्या हॉटस्पॉटवर त्यांचे फोन जोडायचा सल्ला एकाने दिला, पण चुकामूक होते तेव्हाच तो तुटणार ना! शिवाय काही अनलिमिटेड पॅकमध्ये हॉटस्पॉटवर मर्यादा असते.

बाबांचा फोन ईसिम घेत नाही आणि त्यात सिमची जागा एकच आहे. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. माझ्या फोनमध्ये घरचं सिम डेटा रोमिंग बंद करून चालू ठेवता येईल, त्यांच्या फोनमध्ये ती सोय नाही. त्यांच्यासाठी दुसरा साधा अनलॉक्ड (कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा) फोन घेणं बरं की बँकेतला नंबर निघण्यापूर्वी बदलून घ्यावा?

कॉलची सोय असलेलं आणि स्वित्झर्लंड-ब्रिटन दोन्हीकडे चाललेलं प्लास्टिकचं सिम कुणी वापरलंय का? मुदत सिम घातल्यापासून मोजली की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, आणि मध्येच डेटा संपल्यावर परदेशी कार्डाशिवाय रिचार्ज झालं का, तेही कृपया सांगा. स्वस्त नसलं तरी चालेल, आई-बाबांचा फोन लागला पाहिजे.