वर्गात खेळ मांडला आणि मुलं लिहायला लागली : अनुभव धागा

‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध चौथीच्या कुठल्याही वर्गात लिहायला द्या. “मला पावसाळा खूप आवडतो. सगळीकडे हिरवेगार होते.” मग बेडूक डराव डराव करतात, मोर पिसारा फुलवतो आणि निबंध संपतो. निम्म्या मुलांनी मोर पाहिलेला नसतो. आणि त्याच वर्गात एखादं पोर असं असतं, जे आदल्या आठवड्यात ओढ्याला पाणी आलं म्हणून बापाच्या खांद्यावर बसून घरी गेलेलं असतं. ते वहीत येत नाही. कुणाला सांगायचं? बाईंना? बाई तर तेव्हा काठावरच उभ्या होत्या.

डोरोथी हीथकोट या इंग्रज बाई चौदाव्या वर्षी यॉर्कशायरमधल्या गिरणीत कामाला लागल्या आणि पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना घडवू लागल्या. शिक्षकाने वर्गात स्वतः सोंग घ्यावं, तेही शक्यतो अडल्यानडल्या माणसाचं, आणि जाणकाराची खुर्ची मुलांना द्यावी, अशी त्यांची रीत. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गोष्ट आणि नाट्य शिकवण्याच्या मध्यावर आणलं ते १९२०च्या दशकात. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करूनच महाराष्ट्रात आल्या. म्हणजे नवं काही नाही. पण हे करून लेखनाचं काय झालं, हे करणाऱ्यांकडून ऐकायचंय.

अट एकच. स्नेहसंमेलनातली नाटुकली नकोत. वर्गात काय मांडलंत, त्यातून मुलांनी काय लिहिलं, जमल्यास त्यांचं एखादं वाक्य जसंच्या तसं द्या. फसलेलंही सांगा.

जुन्नर तालुका, जि.प. शाळा, चौथी

आमच्याकडे बिबट्या हा पाठ्यपुस्तकातला प्राणी नाही. उसात असतो. म्हणून खेळही तोच मांडला.

शाळेमागच्या ओल्या मातीत आदल्या संध्याकाळी बटाट्याचे ठसे कापून पावलं उमटवली. काही नखांची, काही बिननखांची. सकाळी डोक्यावर टॉवेल घेऊन मी म्हातारी झालो आणि वर्गाच्या दारात बसकण मारली. “साहेब, माझी बकरी गेली वो.” दोन मिनिटं हसण्यात गेली. मग एकाने विचारलं, “किती वाजता?” तिथून वर्ग वनखात्याचा झाला.

ठसे बघायला गेलो तर बांधावरचं एक पोर सरळ म्हणालं, “हे नखवालं कुत्र्याचं. बिबट्या चालताना नखं आत ठेवतो.” टेप लावून मापं झाली. आता साहेबाला पंचनामा पाठवल्याशिवाय म्हातारीला पैसे मिळणार नाहीत, एवढंच मी रडत सांगितलं. पंचनामा कसा असतो हे दोघा-तिघांना माहीत होतं, कारण घरात झालेला होता. “आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की...” इथपर्यंत तोंडपाठ.

मुख्याध्यापक झाले वनाधिकारी. त्यांनी पहिला पंचनामा परत पाठवला. बकरीचा रंग नाही, गोठ्याचं दार उघडं की बंद ते नाही. एरवी “पुन्हा लिही” म्हटलं की तोंडं वाकडी होतात. इथे म्हातारीला पुन्हा समोर बसवून उलटतपासणी घेतली. दुसऱ्या मसुद्यात एका मुलीचं वाक्य होतं : “दावे तुटलेले नव्हते, सुटलेले होते, म्हणून गाठ कोणी बांधली ते विचारावे.” साहेबांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. मी तर म्हातारीच्या वेशातच गप्प झालो, कारण गाठ मीच बांधली होती असं मला आता कबूल करावं लागणार होतं.

एक सांगतो. ज्या गावात माणसावर हल्ला झालाय तिथे हा खेळ बकरीच्या पुढे नेऊ नये. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी तसं घडलेलं. त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, मी टेप धरतो. त्याने टेपच धरली, लिहिलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

मुंबई, महापालिका शाळा, तिसरी

सर, तुमच्याकडे बांध तरी आहे. आमची खोली एवढीशी आणि मुलं पन्नासाला टेकलेली. सगळे एकदम भूमिकेत गेले की खालच्या मजल्यावरून निरोप येतो. म्हणून मी वर्ग दोन भागांत करते. अर्धे चाळीतले, ज्यांच्याकडे दोन दिवस पाणी आलेलं नाही. अर्धे वार्ताहर. वार्ताहरांना बोलायची बंदी नाही, पण टिपणवही नसेल त्याला चाळकरी उत्तर देत नाहीत, हा नियम मुलांनीच केला. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. बातम्या छोट्याच येतात, पाच-सहा ओळींच्या, पण “पाणी हे जीवन आहे” या वाक्याने आजवर एकही सुरू झालेली नाही.

धुळे जिल्हा, चौथी-पाचवी

पंचनाम्यावरून ग्रामसभा आठवली. आमच्या शाळेच्या आवारात जुना निंब आहे. मी ठेकेदार झाले : रस्ता रुंद करायचाय, झाड तोडायचंय, ग्रामसभेने ठराव द्यावा. वर्गाने सरपंच निवडला, ग्रामसेवक निवडला. सभा सगळी अहिराणीत. मी मुद्दाम कागद काढून म्हणाले, “बोलणं वाऱ्यावर जातं. मला ठराव लेखी द्या, नाहीतर मी उद्या कुऱ्हाड आणते.” आता ग्रामसेवक झालेल्या मुलाची पंचाईत. जे बोललं गेलं ते पाटीवर उतरवता उतरवता तो स्वतःच विचारायला लागला, “सूचक कोण? अनुमोदक कोण?” बापाबरोबर २६ जानेवारीच्या सभेत बसलेला असणार.

ठराव त्यांनी कागदी मराठीत केला, “सर्वानुमते” वगैरे सगळं घालून. पण एका मुलीने हरकत घेतली आणि ती तशीच, अहिराणीत, ठरावाला जोडायचा आग्रह धरला : “निंब तोडा ते आम्ही कोठे बठसूत?” खिचडीची पंगत त्याच झाडाखाली बसते. शुद्धलेखनाची लाल पेन्सिल मी त्या दिवशी दप्तरातून काढली नाही.

ठेकेदार हरला हे सांगायला नकोच. दुसऱ्या आठवड्यात मुलांनी त्याच्याकडून पर्यायी रस्त्याचा नकाशा मागितला. नकाशाखाली टीप, टिपेखाली सह्या. एवढं कागदकाम खऱ्या ग्रामपंचायतीतही होत असेल का, देव जाणे.

एक शंका, पुण्याहून, पालक

वाचायला सगळं छान आहे. पण माझी मुलगी तिसरीत असताना महिनाभर असं काहीतरी चालू होतं. ती घरी येऊन बोलायची भरपूर, वही मात्र जवळपास कोरी. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मुलं अभिव्यक्त होतायत. अभिव्यक्ती कुठल्या पानावर आहे, एवढंच माझं म्हणणं होतं. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ कोण बघणार? पुढे शिष्यवृत्ती परीक्षा आहेच.

धुळ्याच्या बाई पुन्हा

ताई, कोऱ्या वहीची तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. खेळ पूर्ण होऊ दिला आणि मग “आता यावर लिहा” म्हटलं की काही येत नाही. गंमत संपलेली असते आणि लेखन त्या गंमतीचा दंड वाटतो. खेळ अडला पाहिजे, आणि लिहिल्याशिवाय तो पुढे सरकू नये. ठराव नाही तर झाड जातं, पंचनामा नाही तर पैसे नाहीत. जिथे अशी अडवणूक नाही तिथे नुसता दंगा होतो.

ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर मी शेवटच्या पक्क्या प्रतीत बघते. ठराव ‘पंचायतीत लावायचा’ असल्याने तिथे मुलंच एकमेकांना पकडतात. शिष्यवृत्तीला बहुपर्यायी प्रश्न असतात, गोल काळे करायचे. त्या तयारीने लेखन सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

रत्नागिरी जिल्हा, निवृत्त शिक्षक

आमच्या वेळी याला नाव नव्हतं. गावातली निम्मी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची. १८८०पासूनची ती सोय, जुन्या कागदी रूपात आता नाही. तेव्हा पोस्टमन आला की घरातली लिहितीवाचती मुलं अंगठेबहाद्दर आज्यांची सचिव व्हायची. मी तेच वर्गात आणलं. भिंतीला खोका लावला, त्याला तोंड कापलं, एकाला पोस्टमास्तर केलं. अर्धी मुलं गिरगावात, लालबागेत कामाला गेलेली, अर्धी गावी.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा, निरोपापुरता. मी तेवढेच कागद कापले. पाहिजे ते लिही, पण एवढ्यातच. नियम कडक, कारण ‘पोस्टमास्तर’ जास्तीचा मजकूर परत करी. एका मुलाने मुंबईतला बाप होऊन लिहिलेलं मला आजही पाठ आहे : “पैसे पाठवतो. पावसाआधी घर शाकारा. आईस डॉक्टर दाखवा. बंड्यास मारू नका.” बंड्या म्हणजे तो स्वतः. या निरोपाचं उत्तर त्याच्या ‘घरी’ बसलेल्या मुलीने दिलं, “बंड्यास मारत नाही पण तो ऐकतही नाही.” अशी चार-पाच पत्रं झाली. वर्गात ती जाहीर वाचली जात, आणि बंड्याला पुढे काय होणार याची सगळ्यांना उत्सुकता.

पत्ता नीट नसेल तर पत्र ‘डेड लेटर’च्या डब्यात. त्यामुळे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन हे सगळं कुणाला पाठ करायला सांगावं लागलं नाही. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणाऱ्या. मुलांना हे सांगितलं की पहिला आकडा ४ का, हे शोधायला ती स्वतःच घरची पाकिटं गोळा करून आणत.)

अमेरिका, रविवारची मराठी शाळा

आमची मुलं मराठी समजतात, बोलतात कशीबशी, लिहायचं म्हटलं की पेन्सिल खाली ठेवतात. “आजीला पत्र लिही” म्हटलं तर म्हणतात, व्हिडिओवर बोललो ना काल. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून मी कोल्हापूरहून पहिल्यांदाच आलेली बाई झाले. पिशवी, छत्री, आणि इंग्रजीचा एक शब्द नाही. “बाळांनो, मला वाचनालयात जायचंय. तुम्ही सगळे शाळेत असाल तेव्हा मी एकटी जाणार. चिठ्ठी लिहून द्या.” तोंडी सांगायला लागले तर मी म्हणे, लक्षात राहात नाही रे, वय झालं.

पहिली चिठ्ठी : “सरळ जा. मग वळा. मोठी लाल दुकान येईल.” मी चिठ्ठी हातात धरून वर्गातच सरळ गेले, वळले, आणि भिंतीला नाक लावून उभी राहिले. किती पावलं ते नव्हतं, कुठल्या बाजूला ते नव्हतं. हसून लोळली मुलं आणि मग डोकी एकत्र करून बसली. चिठ्ठीचा चौथा खर्डा मला दारापर्यंत नीट घेऊन गेला. ‘मोठी लाल दुकान’ तसंच राहिलं. आमच्या कोल्हापूरच्या बाईंना दुकान सापडलं, मला तेवढं पुरे होतं. नंतर कुणीतरी मागे स्वतःहून जोडलं : “तिथे मिसळ नाही मिळत. घरून खाऊन जा.”

नवी शिक्षिका, लातूर जिल्हा, पहिली

माझी मुलं अजून अक्षरंच गिरवतायत. त्यांच्याकडून असं काही होईल का? आणि निपुण भारत अभियानात लहान मुलांच्या वाचन-लेखनाचे स्तर नोंदवायचे असतात, त्यात हे कुठे दाखवायचं?

पालघर जिल्हा, पहिली-दुसरी एकत्र

होतं की. कोपऱ्यात दवाखाना मांडा. रिकामी औषधाची खोकी, एक टेबल, जुन्या वहीची कोरी पानं. डॉक्टर चिठ्ठी लिहिणारच. त्यांनी खऱ्या डॉक्टरला तसंच करताना पाहिलंय. सुरुवातीला नुसत्या नागमोडी रेघा येतात. वायगोत्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की लेखनाची मुळं हावभावात आणि अशा लुटुपुटूच्या खेळात असतात. ते या चिठ्ठ्यांत डोळ्यांनी दिसतं. मी फक्त विचारते, “डॉक्टर, मला वाचून दाखवा ना,” आणि ते जे सांगतील ते रेघांखाली नीट अक्षरात लिहिते. काही आठवड्यांत रेघांमध्ये ‘ग’ शिरतो, गोळीचा. मग रोग्याचं नाव. स्वतःचं नाव आधी येतं, कारण डॉक्टरची सही लागते.

केंद्रप्रमुख आले तेव्हा एका डॉक्टरने त्यांना तपासून कागद दिला. ते म्हणाले, “हे काय लिहिलंय?” पोरगी म्हणाली, “दोन गोळ्या जेवल्यावर. मेडिकलवाल्याला कळतं.”

निपुणचं म्हणाल तर, प्रत्येक चिठ्ठीवर मागे तारीख टाका आणि मुलाच्या नावाने पाकिटात ठेवा. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदीला तेच जोडते मी. जूनची आणि दिवाळीनंतरची चिठ्ठी शेजारी ठेवली की वेगळं लिहावं लागत नाही. खोकी मात्र धुऊन, आतली पानं काढून घ्या. आमच्याकडे एकात खरंच गोळी निघाली होती.