एक्सेल याद्या जोडण्याआधी

तालुक्यातल्या वाचनालयांच्या एक्सेल याद्या एकत्र करून थेट ‘कोहा’ या ग्रंथालयांच्या संगणकप्रणालीत चढवण्याची सूचना चांगली आहे, पण त्याआधी दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीत प्रत्येक प्रतीला दिलेला क्रमांक, बघा. प्रत्येक वाचनालयात ‘१’ क्रमांकाचं पुस्तक असतंच. हाच क्रमांक बारकोड म्हणून चढवला, तर कोहात एकच बारकोड दोनदा चालत नाही, त्यामुळे दुसऱ्या वाचनालयाच्या प्रती अडकतात. आयातीपूर्वीच क्रमांकाला वाचनालयाची खूण जोडा: ‘वाई-००००१’ अशी. कोहात प्रतीची माहिती ज्या ९५२ क्रमांकाच्या क्षेत्रात (रकान्यात) भरतात, त्यातल्या रोमन ‘पी’ (p) उपक्षेत्रात बारकोड जातो.

खरी डोकेदुखी मराठी मजकुराची. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘दऱ्या’तला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसतो सारखाच, पण एका तऱ्हेने टंकलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडेलच असं नाही. लेखकाचं नाव सगळीकडे ‘देशपांडे, पु. ल.’ असंच हवं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नसतो, म्हणून शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष जुळल्याशिवाय नोंदी एकत्र करू नका.

वाचनालयांमधल्या आपसातल्या देवघेवीसाठी संदर्भग्रंथ आणि दुर्मीळ प्रती ‘बाहेर देऊ नये’ म्हणून आधीच नोंदवा. पुस्तक हरवल्यास ते मागवून नेणाऱ्या वाचनालयाने भरपाई द्यायची, हे लेखी ठरलेलं असावं.