शब्दचर्चा : लाकूड ‘वाकतं’ म्हणजे नेमकं काय होतं? आणि त्याच्या आतल्या ‘ताणा’ला काय म्हणावं?

भाषांतरवाली

सुतारकामाच्या एका पुस्तिकेचं मराठीकरण करतेय आणि दोन ठिकाणी अडलेय. मूळ मजकुरात लाकूड वाकडं होण्याचे चार प्रकार आहेत, चारांना चार शब्द. माझ्याकडे चारांसाठी मिळून एकच, ‘वाकणे’. दुसरं म्हणजे हे वाक्य : ‘ओंडका चिरताना आतला ताण मोकळा होतो आणि फळ्या वाकतात.’ ‘ताण मोकळा होतो’ वाचलं की मला मार्चअखेर संपवून घरी निघालेला बँकेतला कारकून दिसतो. काय लिहू?

कडीपाट

आधी चार प्रकार. हे शब्द कोशापेक्षा वखारीत लवकर सापडतील. फळी लांबीत धनुष्यासारखी झाली की ‘बाक’. फळी बाक घेते. रुंदीत दोन्ही कडा वर उचलल्या की मी ‘पन्हळ’ म्हणतो, पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ पाहिलेल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. एकच कोपरा वर आला तर ‘पीळ’. चौथ्यात फळी सपाट राहते पण तिची कड तलवारीसारखी वळते. त्याला वेगळा शब्द माझ्या कानावर नाही. ‘कडेचा बाक’ लिहा आणि पुढे चला.

पीळ ओळखायची रीत : फळी फरशीवर ठेवून कोपरा बोटाने दाबायचा. टकटक वाजली तर पीळ आहे. डुगडुगणाऱ्या पाटाचं दुखणं हेच.

हिंदी बोलणारे कारागीर पिळाला ‘बल’ म्हणतात, हे मी पैसे मोजून शिकलोय. वखारीतला माणूस फळीकडे एक डोळा मिटून बघत म्हणाला, ‘इसमें बल है साब.’ मला वाटलं, मजबूत आहे म्हणतोय. खूश होऊन घेतली. आज ती फळी गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली आहे, एका कोपऱ्याला विटेचा तुकडा लावून.

भाषांतरवाली

‘पन्हळ’ घेतली! पण हे चारही प्रकार एकाच कारणाने होतात का? तसं असेल तर ‘ताण’ हा शब्द सगळीकडे चालेल.

रंधा-पटाशी

नाही, आणि खरा घोळ तिथेच आहे. लाकूड वाळताना वाकतं ते वेगळं आणि चिरताना वाकतं ते वेगळं.

वाळण्याचं आधी सांगतो. ओल्या लाकडाच्या पेशींच्या पोकळ्यांत पाणी असतं आणि पेशींच्या भिंतींतही असतं. पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकडाच्या मापात फरक पडत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली आली की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून लाकूड आकसतं. (आमचे एक मिस्त्री म्हणायचे, ‘लाकूड अंग चोरतंय.’ यापेक्षा नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही.) पण ते सगळ्या बाजूंनी सारखं अंग चोरत नाही. सागासारखं शहाणं लाकूड घ्या. ओल्यापासून अगदी कोरडं होईपर्यंत ते वलयांच्या (खोडाच्या कापावर दिसणाऱ्या वाढीच्या गोल रेषांच्या) अंगाने सुमारे ५.८ टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीच्या दिशेने फक्त २.५ टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. टोकाच्या कापावर वलयं आडवी दिसतात अशा फळीची सालीकडची बाजू गाभ्याकडच्या बाजूपेक्षा जास्त आकसते, म्हणून कडा सालीच्या बाजूला उचलतात. पन्हळ तयार. यात आधीपासून दडलेला ताणबिण काही नाही, नुसतं असमान आकसणं आहे.

घरात बघायचं असेल तर एकाच फळीतून काढलेला जुना पोळपाट घ्या आणि टेप लावा. आमचा रेषांच्या दिशेने २५ सेंटिमीटर भरतो, आडवा २४.५. बनवला तेव्हा गोल होता. आई म्हणते, तुझ्या पोळ्या लांबट होतात त्याचं हे कारण नव्हे.

पिळाचं कारण पुन्हा वेगळं. काही झाडांचे तंतू खोडात सरळ उभे नसतात, मळसूत्रासारखे चढतात. कुमाऊं-गढवालकडचा चीड (पाइनचं झाड) यासाठी बदनाम आहे. तशी फळी वाळली की पिळवटणारच. सुंभाचा पीळ निदान माणसाने घातलेला असतो, हा झाडाने स्वतःच घातलेला.

कडीपाट

म्हणूनच पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतात. उंचीपुरत्या नाहीत त्या, फळीला पन्हळ पडू नये म्हणून आहेत.

रंधा-पटाशी

बरोबर. आता चिरतानाचं. निलगिरीचा ताजा ओंडका घ्या, वाळायचा प्रश्नच नाही. मधोमध उभा चिरत गेलात की करवत निम्म्यावर असतानाच दोन्ही भागांची टोकं एकमेकांपासून लांब पळायला लागतात. कारण झाड वाढतं तसा प्रत्येक नवा थर पक्का होताना लांबीत थोडा आखडू बघतो, पण आतलं जुनं लाकूड त्याला आखडू देत नाही. परिणामी सालीकडचं लाकूड ओढलेलं राहतं आणि गाभ्याकडचं दाबलेलं. झाड उभं असेपर्यंत दोघांचा तोल जमलेला असतो. चिरलं की सालीकडचं आखडतं, गाभ्याकडचं लांबतं आणि फळी सालीच्या बाजूला बाक घेते. झाड पाडल्या पाडल्या बुंध्याच्या कापावर चांदणीसारख्या चिरा दिसतात, त्यामागेही हीच भानगड असते.

कललेल्या झाडाचं लाकूड आणखी हट्टी. चीड-देवदारासारख्या झाडांत कलत्या बाजूला खाली, तर रुंद पानांच्या झाडांत वरच्या बाजूला वेगळ्याच जातीचं लाकूड तयार होतं आणि ते लांबीतही चांगलं आकसतं. फांदीतून काढलेली फळी स्वस्त मिळते, ती उगाच नाही.

परिभाषाप्रेमी

मग शब्दाचा निकाल लागलाच. पाठ्यपुस्तकी मराठीत यासाठी ‘प्रतिबल’ आहे. ‘ताण’ म्हणजे फक्त ओढ. वर रंधा-पटाशी यांनीच सांगितलं की सालीकडे ओढ आहे आणि गाभ्याकडे दाब. ‘आतला ताण’ लिहिलंत तर अर्धं लाकूड वाक्याबाहेर राहिलं.

भाषांतरवाली

पटलं. पण पुस्तिका वाचणार आयटीआयची मुलं. ‘प्रतिबल’ वाचून ती पान उलटतील. ‘ओढाताण’ कसं वाटतं? ‘लाकडातली ओढाताण’?

परिभाषाप्रेमी

ऐकायला झकास. पण ओढाताणीत दोन्हीकडून ओढणंच आहे, दाबणं कुठे आहे? शिवाय ‘महिनाअखेरीची ओढाताण’ लगेच आठवते. तुमचा कारकून पुन्हा आलाच.

कडीपाट

एकदा ‘प्रतिबल’ लिहून शेजारी ‘म्हणजे आतली ओढ आणि दाब’ असा खुलासा द्या. पुढे सरळ ‘ओढ’ आणि ‘दाब’ वापरा. मुलं ओढ-दाब हातानेच शिकतात. आणि ‘मोकळा होतो’ काढाच. ‘तोल बिघडतो’ म्हणा. आत कुणी कोंडून बसलेलं नव्हतं, तोल होता, तो गेला.

वाचक-एक

एक शंका. आमच्याकडे करवत उलट अडकते. फट उघडायच्या ऐवजी मिटते आणि पातं धरून ठेवते. लहानपणच्या गोष्टीतलं माकड पाचर उपटतं नि त्याची शेपटी अडकते, तसं.

रंधा-पटाशी

माकडाच्या ओंडक्यात पाचरेने जबरदस्तीने फाकवलेले भाग परत मिटले, तो दोष लाकडाचा नव्हता. तुमचं लाकूड भट्टीत घाईने वाळवलेलं असावं. तिथे आधी बाहेरचा थर वाळून आकसू बघतो, ओला गाभा त्याला आकसू देत नाही, आणि तो थर ताणलेल्या मापातच कडक होतो. मग गाभा वाळतो आणि आकसायला जातो, तर आता बाहेरचा थर त्याला अडवतो. शेवटी बाहेर दाब, आत ओढ, म्हणजे झाडातल्याच्या बरोबर उलट. अशी फळी जाडीतून चिरली की नव्याने उघडी पडलेली बाजू आखडते, दोन्ही पातळ फळ्या एकमेकींकडे वळतात आणि पातं चिमटतात. तपासायचं तर फळीचा आडवा काप घेऊन मधला भाग काढा आणि बेचक्यासारखी दोन बोटं ठेवा. बोटं आत वळली तर समजा. यावरचा उपाय भट्टीतच होतो, शेवटी वाफ देऊन. घरी रंधा मारून काही होत नाही. एका बाजूने जितकं काढाल तितकी ती पुन्हा वळते.

भाषांतरवाली

मग वाक्य असं : ‘ओंडक्यात सालीकडे ओढ आणि गाभ्याकडे दाब असतो. ओंडका चिरताच हा तोल बिघडतो आणि फळ्या सालीच्या बाजूला बाक घेतात.’ चालेल?

कडीपाट

‘चिरताच’ नको, ‘चिरता चिरताच’. करवत अजून आतच असते.