मदत हवी आहे: पावडर बंद करून २६ तास झाले, पण ही नुसती तोड (नशा थांबल्यावरचा त्रास) वाटत नाही (इंदूर)

राजेंद्रनगरचा मामा · मंगळवार, रात्री ११.५५

भाचा, वय २४, वजन ५८ किलो. दोन वर्षं पन्नीवर ब्राउन (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) ओढतो, सुई कधी नाही. रोज तीन-चार पुड्या. गेल्या पाच-सहा आठवड्यांपासून देणारा बदलला आहे. नवी पुडी ओढली की बसल्या जागी चार-चार तास झोपायचा आणि उठल्यावर मधलं काही आठवायचं नाही. आधीच्या मालाने असं होत नव्हतं. शेवटची पुडी काल रात्री १० वाजता.

आज सकाळपासून जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाच जुलाब, तीन उलट्या. एवढं होईल हे माहीत होतं. पण संध्याकाळपासून हात थरथरताहेत, ट्यूबलाइट सहन होत नाही, स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी दचकून उठून बसतो.

ताई म्हणते, खोलीला बाहेरून कडी लावू आणि तीन दिवस काढू. कॉलनीतला मेडिकलवाला झोपेच्या गोळ्या आणि अंगदुखीवर 'जोरदार' गोळी द्यायला तयार आहे. घरी निभेल का? काय काय मोजत राहायचं? आणि दवाखान्यात नेलं तर पोलीस येतात का? घरात बीपीचं मशीन आणि थर्मामीटर आहे.

वॉर्डातली सिस्टर · रात्री १२.०८

मामा, आधी कडीचं बोलते. कडी लावू नका. बंद दाराआड झटका (फिट) आला किंवा उलटी श्वासनलिकेत गेली, तर बाहेर कळेपर्यंत उशीर होतो.

आता तोडीचं. नुसत्या ब्राउनची तोड शेवटच्या पुडीनंतर ८ ते १२ तासांत सुरू होते, ३६ ते ७२ तासांत कळस गाठते आणि आठवडाभरात ओसरते. माणूस तळमळतो, शिव्या देतो, रडतो, पण भानावर असतो. आज वार कोणता, समोर कोण बसलंय, हे त्याला नीट सांगता येतं. भान सुटणं, नसलेलं दिसणं, झटका येणं, जोराचा ताप हे ब्राउनच्या तोडीत बसत नाही. यातलं काही दिसलं तर पुडीत दुसरं काहीतरी होतं आणि आता त्याचीही तोड सुरू आहे, असंच धरून चालायचं.

तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी मला खटकल्या: पुडीनंतरची विस्मरणाची झोप आणि आताची थरथर-दचकणं. दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, झोपेच्या गोळ्यांच्या जातीच्या औषधाकडे. त्या जातीतल्या अल्प्राझोलमची तोड साधारण एका दिवसात डोकं वर काढते आणि झटक्याचा धोका पहिले तीन दिवस सर्वांत जास्त असतो. डायझेपाम असेल तर तीच गोष्ट उशिरा, कधी आठवड्याने येते. म्हणजे जुलाब थांबले, जेवायला लागला, सगळ्यांनी हुश्श केलं आणि सहाव्या दिवशी झटका, असंही घडतं.

आत्ता लगेच बीपी, नाडी आणि ताप मोजून इथे लिहा. वार, महिना, घराचा पत्ता विचारा. हात पुढे ताणून बोटं फाकवायला सांगा आणि थरथर बघा. जीभ बाहेर काढायला लावा, तीही थरथरते का बघा. दारू घेतो का? शेवटची लघवी कधी झाली?

औषधांचं दुकान · रात्री १२.१५

मेडिकलवाल्याकडून काहीही आणू नका. कारणं सांगतो.

'जोरदार' गोळी म्हणजे बहुधा ट्रॅमाडॉल, सुटं किंवा पॅरासिटामॉलबरोबर. ट्रॅमाडॉल स्वतःच झटका आणू शकतं. ज्याच्या मेंदूवरचा अल्प्राझोलमचा ब्रेक नुकताच सुटला आहे, त्याला ते देणं फार वाईट. झोपेच्या गोळ्यांचं उलट आहे. योग्य मोजमापात तेच औषध उपचारात वापरतात, पण डॉक्टर दर काही तासांनी माणूस तपासून डोस ठरवतात आणि मग पायरीपायरीने कमी करतात. घरी अंदाजाने दोन दिल्या, तो झोपला नाही म्हणून आणखी दोन, आणि पहाटे त्याने कुठूनतरी पुडी मिळवली, की श्वास थांबतो. ब्राउन आणि झोपेची गोळी दोघं मिळून श्वास दाबतात.

जुलाबाची लोपेरामाइडची गोळी २ मिलिग्रॅमची असते. दिवसात चारच्या वर नाही. तोडीत लोक ती मूठभर घेतात आणि हृदयाची लय बिघडते. पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसाला जास्तीत जास्त चार. एवढं आखडतं का? पुडी फुगवायला पॅरासिटामॉल आणि कॅफीन सर्रास घालतात. यकृतावर त्याचा भार आधीच आहे.

आपल्याकडे आणखी एक समज आहे: नीमच-मंदसौरला अफू पिकते, म्हणून माळव्यातली पावडर चोख. अफूचं शेत आणि गल्लीतली पुडी यांच्यामध्ये किती हात असतात! प्रत्येक हात वजन वाढवतो, आणि वजन वाढवून कमी झालेला अंमल स्वस्त झोपेच्या गोळ्या कुटून भरून काढतो. ओढणाऱ्याला वाटतं माल कडक आहे. त्याला दोन व्यसनं लागलेली असतात आणि माहीत एकच असतं.

तेलंगणातली भेसळीची ताडी हे याचं ठसठशीत उदाहरण. ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट घालत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ताडीची दुकानं बंद झाली आणि हैदराबादच्या एर्रागड्डा मानसिक रुग्णालयात भास, बडबड, झटके घेऊन लोकांची रीघ लागली. हे लोक समजत होते की आपण फक्त ताडी पितो.

दालबाफला · रात्री १२.१९

घाबरवू नका हो मामांना. ब्राउनच्या तोडीने कोणी मरत नाही, तीन दिवस मन घट्ट करायचं, बस.

वॉर्डातली सिस्टर · रात्री १२.२३

हे वाक्य अर्धंच खरं आहे आणि अर्ध्यामुळेच घात होतो. नुसत्या ब्राउनच्या तोडीतही जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आणि क्षार संपून माणूस दगावू शकतो, कोंडून ठेवलेला तर नक्कीच. आणि पुडी नुसत्या ब्राउनची आहे हे सांगणार कोण?

फिलाडेल्फियात २०२४ पासून तिथल्या फेंटानिलमध्ये (ब्राउनच्याच जातीची, फार तीव्र नशा) मेडेटोमिडीन मिसळलेलं सापडू लागलं. जनावरांना गुंगी आणायचं औषध ते. त्याची तोड काही तासांतच चढते: बीपी आणि नाडी भयंकर वर, न थांबणाऱ्या उलट्या, थरथर, आणि रुग्ण थेट आयसीयूत. नेहमीच्या तोडीचे उपचार त्याला पुरेनात, शेवटी त्याच जातीच्या औषधाची ड्रिप लावून हळूहळू उतरवावं लागलं. तो माल तिथला. पण भेसळ बदलली की तोडही बदलते, हे सगळीकडे लागू आहे.

राजेंद्रनगरचा मामा · रात्री १२.३१

बीपी १६४/१०४, नाडी १२२, ताप १००.८. वार बरोबर सांगितला, महिना चुकला. जीभही थरथरते. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणतो, भिंत स्वच्छ आहे. लघवी दुपारी ४ ला. दारू नाही.

वॉर्डातली सिस्टर · रात्री १२.३३

निघा. आत्ता. १०८ लावा, गाडीला वेळ लागेल म्हणाले तर स्वतःच्या गाडीने. एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. बाणगंगेचं मानसिक रुग्णालय नंतरच्या उपचारासाठी. आज रात्री मेडिसिनचे डॉक्टर आणि आयसीयू एकाच छताखाली हवेत.

गाडीत मागच्या सीटवर त्याला कुशीवर ठेवा, डाव्या कुशीवर बरं. एकाने डोक्याशी बसायचं. पूर्ण शुद्धीत असेल तरच ओआरएसचा चमचा-चमचा, गुंगी दिसली की तोंडात काहीही नाही. झटका आला तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, आसपासचं टणक काही बाजूला करा. चमचा, रुमाल, बोट दातांत घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर गेला, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरा आला, तर हे पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं.

केसपेपर लिहिणाऱ्याला हे असंच सांगा: "दोन वर्षं रोज ब्राउन शुगर, शेवटची सोमवारी रात्री १० ला, पुडीत झोपेच्या गोळ्यांची भेसळ असावी, आता थरथर, भास, बीपी १६४/१०४." नुसतं 'उलट्या-जुलाब' सांगितलंत तर सलाइन लावून सकाळी घरी पाठवतील. नुसतं 'नशा करतो' सांगितलंत तर बाकावर बसवून ठेवतील.

औषधांचं दुकान · रात्री १२.३६

वाटेत कुठल्या क्लिनिकमध्ये 'शांत करायचं इंजेक्शन' घेऊ नका. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं झटक्याचा उंबरठा खाली आणतात.

पुडी उरली असेल तर सोबत नेऊ नका. कागदाचा, रंगाचा फोटो पुरेसा आहे. खिसे तपासा.

वकिली सल्ला फुकट · रात्री १२.४४

पोलिसांची भीती म्हणून उशीर करू नका. रुग्णालय मेडिको-लीगल (पोलिसांना कळवायची) नोंद करू शकतं, ती नोंद म्हणजे अटक नव्हे. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ चं कलम ६४अ व्यसनी माणसासाठीच आहे: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला माणूस सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्या आरोपासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, म्हणून कागद जपून ठेवा. हेरॉइनची अल्प मात्रा ५ ग्रॅमपर्यंत. अल्प मात्रेपेक्षा जास्त मालाचा आरोप असेल तर हे कलम उपयोगी पडत नाही.

'घरून उचलून नेतो, तीन महिने ठेवतो' म्हणणारी व्यसनमुक्ती केंद्रं येत्या आठवड्यात तुम्हाला फोन करतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे साखळीने बांधणं कलम ९५ ने बंद आहे, मग केंद्र कोणाचंही असो. रुग्णाच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९ खाली दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि तेही एका वेळी ३० दिवसांपर्यंत. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणा, रात्रपाळीला डॉक्टर कोण ते विचारा. उत्तर टाळलं तर फोन ठेवा.

राजेंद्रनगरचा मामा · बुधवार, सकाळी ९.२०

पोचलो. कॅज्युअल्टीच्या दारातच एक झटका आला, दीड मिनिट. लगेच इंजेक्शन दिलं. आता झोपलाय, बीपी १३८/८८. लघवीच्या पट्टीवर मॉर्फिन (ब्राउनची खूण) आणि बेंझो (झोपेच्या गोळ्यांची जात) दोन्ही पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले चार-पाच दिवस तरी ठेवू. पट्टीवर दोनच आलं म्हणजे तिसरं काही नव्हतं ना? आणि जिभेखालच्या गोळीचं ते काही बोलले, ती कधी देतात?

औषधांचं दुकान · सकाळी ९.४१

पट्टीवर जे छापलेलं आहे तेवढंच ती ओळखते. ट्रॅमाडॉल मॉर्फिनच्या रेघेत दिसत नाही, फेंटानिलही नाही. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, एटिझोलाम बेंझोच्या रेघेतून बरेचदा निसटतात. एमडी (मेफेड्रॉन) साध्या अँफेटामिनच्या रेघेत येईलच असं नाही. पॉझिटिव्ह कामाचं, निगेटिव्हवर विसंबायचं नाही. डॉक्टर लक्षणांवर चालले आहेत, ते बरोबर आहे.

जिभेखालची गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ती मेंदूतल्या त्याच जागी जाऊन बसते जिथे ब्राउन बसतं, पण जोर मर्यादित. ब्राउन अजून त्या जागेवर असताना दिली तर ती त्याला हुसकावते आणि तोड एकदम दसपट भडकते. म्हणून शेवटच्या पुडीनंतर किमान १२ तास आणि तोडीची स्पष्ट लक्षणं बघूनच पहिला डोस. भाच्याच्या बाबतीत वेळ झालेली आहे, पण झोपेचं औषध चालू असताना श्वासावर नजर ठेवून ते ठरवतील. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर जवळजवळ वाया.

वॉर्डातली सिस्टर · सकाळी १०.०५

झटका दारात आला, घरी कडीआड नाही, यासाठी ताईंना माझ्याकडून सांगा की त्यांनी योग्य केलं.

आता घरी यायच्या दिवसाचं. आठवडाभर बंद राहिला की शरीराची सवय उतरते. परवापर्यंत चार पुड्या पचवणारा मुलगा एका पुडीने जाऊ शकतो. व्यसनमुक्तीनंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. ओठ-नखं निळी, घोरल्यासारखा गुरगुर आवाज, मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास, हलवून उठत नाही, असं दिसलं की १०८. तोवर मान मागे, नाक चिमटीत, दर पाच सेकंदांना तोंडाने एक श्वास. स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर. नॅलोक्सोनचं इंजेक्शन ब्राउनचा अंमल उतरवतं, झोपेच्या गोळीचा नाही, तेव्हा 'अजून उठला नाही' म्हणून श्वास देणं थांबवायचं नाही.

डिस्चार्ज कार्डावर दोन्ही निदानं स्वतंत्र लिहून घ्या. झोपेच्या औषधाचा उतरता तक्ता तारखांसह घ्या आणि गोळ्या ताईंच्या ताब्यात, एका वेळी एका दिवसाच्या. ब्युप्रेनॉर्फिन रोज कुठे मिळेल ते वॉर्डातच विचारा, नाहीतर १४४४६ वर फोन करा, ती सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. कोणी नॅल्ट्रेक्सोन (ब्राउनचा अंमल होऊ न देणारं औषध) सुचवलं तर ब्राउन किंवा तसलं काही सात ते दहा दिवस पूर्ण बंद असल्याशिवाय नाही, आणि ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना तर नाहीच. बाथरूमची आतली कडी काढून टाका. बहुतेक वेळा चोरून ओढणं तिथेच होतं.

राजेंद्रनगरचा मामा · सोमवार, सायंकाळी ६.१०

आज घरी आणला. कार्डावर दोन्ही निदानं आहेत, तक्ता १९ दिवसांचा आहे, जिभेखालची गोळी रोज सकाळी तिथे जाऊन घ्यायची, मी सोडणार. ताईने गोळ्या गोदरेजच्या कपाटात ठेवल्या. सुतार येऊन गेला, दोन्ही कड्या काढल्या.